पथारीवर सगळ्याच रडतात

नंदुरबारच्या मिरची पथाऱ्यांवर देठ खुडणाऱ्या बायकांत नूतनइतकी काळजीखोर बाई शोधून सापडली नसती. घरून निघाली की गॅस बंद केला की नाही याची काळजी. आभाळात मूठभर ढग दिसला की मिरची भिजेल याची काळजी. आता मिरची व्यापाऱ्याची, भिजली तर नुकसान त्याचं. पण नूतन दर घटकेला आभाळाकडं बघायचीच. नवरा हेमराज लोडिंग रिक्षा चालवायचा, बाजार समितीतून ओली मिरची भरून पथाऱ्यांवर टाकायचा. त्याला यायला जरा उशीर झाला की ही रस्त्याकडे डोळे लावून बसायची, आणि तो आला की आधी रिक्षाला कुठं पोचा पडलाय का ते बघायची, मग नवऱ्याकडे. हेमराज म्हणायचा, देवानं हिला जीभ दिली आणि जिवाला घोर दिला, बाकीचं द्यायचं त्याच्याकडून राहूनच गेलं. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण नूतनला बघूनच कुणीतरी काढली असावी.

एवढ्या काळज्यांत एका माणसाला मात्र तिनं कधी जागा दिली नव्हती. ती म्हणजे तिची एकुलती एक मुलगी भूमिका. "मन्ही भूमिका शहानी शे," असं ती पथारीवर इतक्या वेळा म्हणायची की शेजारी बसणारी अख्तरबानो पुढचं सगळं स्वतःच म्हणून टाकायची: गणितात पहिली, हट्ट करत नाही, उलटून बोलत नाही. पोर होतीही तशीच. आणि तशा पोराकडं कुणी बघत नाही, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. रडणाऱ्या पोराला दूध मिळतं. गप्प पोराला शाबासकी मिळते आणि तेवढ्यावर त्यानं भागवायचं असतं.

पथारी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. शहराबाहेरच्या मोकळ्या रानात ओली मिरची पसरून वाळत घालतात. दिवाळीपासून होळीपर्यंत लांबून बघितलं तर जमिनीवर लाल लुगडी वाळत घातल्यासारखी दिसतात. लांबून फार छान दिसतं. जवळ गेलं की आधी ठसका लागतो, मग शिंका, मग डोळ्यांतून धारा. ठसका काही दिवसांनी सुटतो, गळ्याला सवय होते. डोळ्यांना कधीच होत नाही. तोंडाला फडकं बांधून बायका ओळीनं बसतात, देठ खुडतात, पांढरी पडलेली मिरची बाजूला काढतात, एकमेकींची टर उडवतात, आणि हे सगळं चालू असताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत असतं. तिथं डोळे पुसणाऱ्या बाईला काय झालं म्हणून विचारलं तर ती विचारणाऱ्यालाच वेड्यात काढेल. नूतनची आई धानोऱ्याला वारली, त्याच्या पुढच्या आठवड्यात नूतन कामावर आली आणि दिवसभर मिरचीवर वाकून रडली. कुणाच्याही लक्षात आलं नाही. तिला त्या दिवशी ते बरंच वाटलं होतं. पुढं ती ही गोष्ट विसरून गेली, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

भूमिका दहावीत गेली त्या वर्षी दिवाळीनंतर शाळा सुटली की सरळ पथारीवर यायला लागली. आधी हीच पोर पथारीचं नाव काढलं की नाक दाबायची. तुझी साडी वेगळ्या बादलीत भिजव, असं आईला सांगायची. आता ती आपण होऊन आईशेजारी बसायची, ओढणी नाकावर ओढायची आणि मान खाली घालून देठ खुडायची. नूतनला आभाळ ठेंगणं झालं. आईबापाचे कष्ट पोरीला कळायला लागले, आणखी काय हवं? अख्तरबानोनं एकदा टोकलं की दहावीच्या पोरीला इथं कशाला बसवतेस, घरी अभ्यासाला बसव. मी कुठं बसवते, तीच येते, असं नूतननं तोऱ्यात सांगितलं. आणि डोळ्यांकडं हात नेणाऱ्या पोरीकडं वळून रोजचं तेच म्हणाली, "डोया चोयू नको वं, हात मिरचीना शेतस."

भूमिकाचे डोळे सुजलेले होते, लाल होते, गळत होते. त्या ओळीत सगळ्यांचेच तसे होते.

सहामाहीचा निकाल लागला तेव्हा वर्गशिक्षिका हेमांगी मॅडमनी नूतनला शाळेत बोलावून घेतलं आणि गणिताचा पेपर समोर ठेवला. त्यात चुका फारशा नव्हत्या, कारण लिहिलेलंच फारसं काही नव्हतं. मॅडम म्हणाल्या, पहिल्या बाकावरची मुलगी आता शेवटच्या बाकावर जाऊन बसते, डबा न उघडता घरी नेते, काय झालं विचारलं तर काही नाही म्हणते. घरात काही झालंय का? नूतनला हा प्रश्न झोंबला. तुमच्या घरातच काहीतरी खोट आहे, असं तिला ऐकू आलं. घरात सगळं ठीक आहे, असं तिनं ठणकावून सांगितलं. मॅडमचा वर्ग खच्चून भरलेला, बाहेर आणखी पालक ताटकळलेले. दहावीचं दडपण असेल, असं म्हणून त्यांनीही विषय मिटवला.

दहावी हा शब्द आपल्याकडं मोठा सोयीचा आहे. पोराला ताप आला तरी दहावी, भूक लागली नाही तरी दहावी, पोर बोलेनासं झालं तरी दहावी. या एका शब्दाखाली आपण काय काय झाकून ठेवतो ते बघायला गेलं तर पथारीवरची सगळ्यात मोठी ताडपत्रीही अपुरी पडेल.

हेमराजनं निदान करून टाकलं की हे फोनमुळं होतंय. त्यानं भूमिकाकडून फोन मागितला. तिनं तो निमूट दिला, चार्जरसकट दिला, आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. ती भांडली असती तर नूतनला बरं वाटलं असतं. घरात भांडण म्हटलं की पुढं काय बोलायचं ते तिला ठाऊक असायचं. या शांततेशी कसं बोलायचं ते तिला कळेना. आता तिला पोरीच्या काही गोष्टी खुपायला लागल्या. वेणी दोन दोन दिवस तशीच. ताटातली भाकरी मोडून मोडून तिचा चुरा व्हायचा, पण तोंडात काही जायचं नाही. सकाळी उठायची तीच दमलेली. नूतननं या सगळ्याला नाव दिलं आळस, आणि आळस कुठून आला याचं उत्तर काढलं नजर. गणितात पहिली येणारी पोर, लोकांच्या डोळ्यांत खुपणारच.

मग एका शनिवारी दिवेलागणीला तिनं मीठ, मोहऱ्या आणि वाळल्या मिरच्या घेतल्या, भूमिकावरून उतरवल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. आता याची खूण सगळ्यांना माहीत असते: मिरची जळाली आणि ठसका लागला तर नजर नाही; ठसका लागला नाही तर नजर आहे, आणि जबर आहे. तिघंही निखाऱ्यापाशी बसून राहिले. मिरच्या काळ्या झाल्या, घरभर धूर झाला. ना नूतनला ठसका लागला, ना हेमराजला, ना भूमिकाला. शेजारच्या घरातलं लेकरू खोकून खोकून बेजार झालं, ते वेगळं. नूतननं कपाळाला हात लावला. एवढी मोठी नजर! पुढच्या शनिवारी तिनं पुन्हा उतरवली, त्याच्या पुढच्या शनिवारी मिरच्या वाढवल्या. ठसका काही येईना आणि नूतनची झोप उडाली.

अख्तरबानोनं हे ऐकलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली. तुमच्या घरात ठसका कुणाला लागतो, असं तिनं विचारलं; तुम्हाला तिघांना मिरचीच्या गोदामात कोंडलं तरी घोरत पडाल. मग हसू आवरून ती म्हणाली की मिरचीला काय विचारत बसलीस, पोरीला विचार ना एकदा. सतरा वेळा विचारलं, असं नूतन म्हणाली. ते खरंही होतं. पण अभ्यास का करत नाहीस, जेवत का नाहीस, उठत का नाहीस, हे तिनं विचारलं होतं. आणि असल्या प्रश्नांना पोरं काय उत्तर देणार? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं, पोर रोज हाताच्या अंतरावर बसून रडत होती आणि आई निखाऱ्यात शोधत होती.

जानेवारीत पूर्वपरीक्षा झाली. काही दिवसांनी हेमांगी मॅडमचा फोन आला की भूमिका शेवटच्या पेपरांना आलीच नाही. नूतनला आधी पटेना. त्या दिवसांत तर पोर रोज गणवेश घालून, वेळेवर निघत होती. मग तिच्या लक्षात आलं की त्याच दिवसांत ती पथारीवरही लवकर यायची, आणि परीक्षा आहे म्हणून शाळा लवकर सुटत असेल असं आपणच धरून चाललो होतो. उलट कौतुक केलं होतं. तिचं डोकं फिरलं. घरी जाऊन तिनं पोरीला तोंडाला येईल ते सुनावलं. तुझ्यासाठी आम्ही हातांची आग सोसतो आणि तू आमच्या तोंडाला काळं फासतेस. तुझ्यावर घातलेलं सगळं पाण्यात गेलं. भूमिकानं आईकडं बघितलं. ना राग, ना लाज. वजनकाट्यावरचा आकडा खरा मानावा तसं तिनं ते खरं मानलं.

"हाव, माय," ती म्हणाली.

आयुष्यभर नूतननं हजार गोष्टींची काळजी वाहिली होती, पण भीती काय असते ते तिला त्या दोन शब्दांनी दाखवलं. ती पोरीला पुन्हा रागावली नाही. नुसती तिच्यावर नजर ठेवून राहिली, आणि कशासाठी नजर ठेवतोय हे मात्र तिचं तिलाच सांगता येईना.

फेब्रुवारीत अवकाळी आला. पहाटेपासून आभाळ भरलं होतं. बायका, हमाल, मुकादम सगळ्यांनी धावपळ करून मिरचीचे ढीग केले आणि ताडपत्र्या टाकल्या. मग पाऊस कोसळला तो दुपारपर्यंत. काम बंद झालं, बायका घरी गेल्या. नूतन घरी आली तर भूमिका नव्हती. शाळेत फक्त सकाळचा सराव वर्ग होता, ती केव्हाच यायला हवी होती. नूतननं वाट बघितली नाही. ती तशीच भिजल्या साडीनं शाळेत गेली. मॅडमनी सांगितलं, वर्ग सुटल्यावर ती निघाली. वाटेत एका मैत्रिणीचं घर होतं, तिथं नव्हती. गेल्या कित्येक दिवसांत ती आमच्याकडं आलीच नाही, असं ती मैत्रीण म्हणाली, आणि नूतन स्वतःलाच विचारत बाहेर पडली: मला कसं माहीत नाही? हेमराजचा फोन लागेना. लांब स्टेशनच्या बाजूला गाडीची शिट्टी झाली तशी ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. नको नको ते मनात आलं. तिला त्या दिशेला बघायचं धाडस होईना. मागून एका रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला तेव्हा ती बाजूला झाली, आणि मग, का कोण जाणे, त्याच रिक्षात बसून त्याला पथारीकडं चल म्हणाली.

पथारीवर चिटपाखरू नव्हतं. लाल रान गायब झालं होतं; नुसते ताडपत्री घातलेले ढीग आणि मधून चिखल. त्यातल्या दोन ढिगांच्या मधे, आईची रोजची जागा असायची तिथं, भूमिका गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. दप्तर शेजारी चिखलात. खांदे हलत होते. नूतन धावत गेली आणि सवयीनं तोंडातून रोजचंच बाहेर पडलं, "डोया चोयू नको वं, हात मिरची..."

आणि ती थांबली. पोरीचे हात स्वच्छ होते. हवा धुवून निघाली होती, तिच्यात तिखटाचा मागमूस नव्हता. नूतननं स्वतःच्या गालाला हात लावून बघितला. पावसाचं पाणी होतं, डोळे कोरडे होते.

"मिरची तं झाकेल शे आज," ती हळू म्हणाली. "मंग तू काबर रडी ऱ्हायनी?"

भूमिकानं चिखलातलं दप्तर जवळ ओढलं. मग तिनं तोंड न वळवता सांगितलं, "आठे सगळ्याच रडतस, माय. आठे कोनी इचारत नही."

नूतन तिच्या शेजारी चिखलातच बसली. दिवाळीपासूनच्या सगळ्या संध्याकाळी तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. कष्ट कळले म्हणून पोर येते असं समजून ती ज्या ज्या दिवशी सुखावली होती, त्या प्रत्येक दिवशी ही पोर शेजारी बसून रडून घेत होती. तिला आपल्या आईच्या मरणानंतरचा तो दिवस आठवला. तिला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही कळलं तर चालेल, तिला कळायला हवं होतं. आणि जिची जीभ कधी टाळूला लागली नव्हती ती नूतन पहिल्यांदाच गप्प राहून ऐकत बसली.

भूमिका तुटक तुटक बोलली. गणपतीपासूनच काहीच गोड लागत नव्हतं. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची, पण आत जायची नाहीत. एकच ओळ वाचत बसायची आणि मग आपण ढ झालो अशी खात्री पटायची. कुणी रागावलं की ते खरंच वाटायचं. काही झालेलं नव्हतं, कुणी छळलं नव्हतं, कुणावर जीव जडला नव्हता. सांगायला कारणच नाही म्हणून सांगितलं नाही. मग ती ताडपत्रीकडं बघत म्हणाली,

"कधी कधी वाटस, मी नसती तं बरं व्हतं."

नूतननं पोरीचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले आणि सोडलेच नाहीत. "आते मी इचारी ऱ्हायनी," ती म्हणाली. "तू सांगत ऱ्हाय. मी आठेच बसेल शे."

दुसऱ्याच दिवशी ती पोरीला जिल्हा रुग्णालयात घेऊन गेली. मनाच्या आजारांची वेगळी खोली असते हे अख्तरबानोला माहीत होतं. तीही बरोबर आली. हेमराज आदल्या दिवशी कुरकुरला होता की वेड्यांच्या डॉक्टरकडं पोर नेली असं लोक म्हणतील, उद्या स्थळ बघताना काय सांगायचं. नूतननं त्याला एवढंच विचारलं की स्थळ बघायला पोर नको का? सकाळी तो रिक्षा काढून दारात उभा राहिला, आणि त्या दिवशी त्यानं मिरचीचा एकही फेरा मारला नाही.

तिथल्या डॉक्टरबाईंनी भूमिकाशी एकटीशी बोलून घेतलं, मग आईबापाला आत बोलावलं. हा आजार आहे, त्याला डिप्रेशन म्हणतात, या वयातल्या पुष्कळ मुलांना होतो, असं त्यांनी सांगितलं. मार्क घसरले म्हणून ती उदास झाली असं तुम्ही समजत होता. आजारानं तिचं लक्ष, झोप, भूक खाल्ली, म्हणून मार्क घसरले. गोळ्या, दर आठवड्याला बोलायला यायचं, आणि तिला एकटं सोडायचं नाही. नूतननं विचारलं, बरी कधी होईल? हळूहळू होईल, मधे वाईट दिवसही येतील, असं बाई म्हणाल्या. त्याच वेळी पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि नूतन दचकली. आता ती त्या पाण्याला दचकायला शिकली होती.

हेमांगी मॅडम घरी आल्या. आपण त्या दिवशी विषय मिटवायला नको होता, हे त्यांनी पोरीसमोर मोकळेपणानं सांगितलं, आणि झेपतील तेवढेच पेपर मार्चमध्ये दे, बाकीचे जुलैत देता येतात, असंही सांगितलं. भूमिकानं तसंच केलं. परीक्षा केंद्राबाहेर हेमराज रिक्षात बसून राहायचा. जुलैत उरलेले पेपर झाले. गणितात पहिली येणारी पोर गणितात जेमतेम सुटली, आणि नूतननं सगळ्या गल्लीला पेढे वाटले. लोक म्हणाले, एवढ्याशा मार्कांना पेढे? नूतननं त्यांना काही समजावून सांगितलं नाही. पेढा खा म्हणाली.

परत दिवाळी झाली, पथाऱ्या लाल झाल्या. भूमिका आता अकरावीला आहे. बरी आहे म्हणावं असे दिवस असतात, आणि वेणी न घालता पडून राहायचे दिवसही अजून येतात. गोळ्या चालू आहेत. परवा ती आईचा विसरलेला डबा द्यायला पथारीवर आली. वारा मिरचीवरून येत होता. अख्तरबानोशी दोन शब्द बोलेपर्यंत तिचे डोळे भरून आले आणि गालावर ओघळ आला. ओळीतल्या सगळ्यांच्याच गालांवर होते. तिच्याकडं कुणी बघितलंही नाही.

नूतननं हातातली मिरची टाकली, फडकं सोडलं आणि उठली. काही न बोलता तिनं पोरीला दंडाला धरलं आणि पथारी ओलांडून, वारा जिकडून येत होता तिकडं, पार रस्त्याकडेच्या लिंबापर्यंत घेऊन गेली. तिथं तिखटाचा वास येत नव्हता. काय झालं माय, असं भूमिकानं विचारलं. काही नाही, थांब जरा, असं म्हणून नूतन तिच्या समोर उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांकडं बघत राहिली. लांबून मुकादमानं हाक मारली. तिनं वळून बघितलं नाही.

थोड्या वेळानं ओघळ वाळला. भूमिकाच्या लक्षात आलं, आई काय करते आहे ते. ती किंचित हसली आणि म्हणाली, "मिरचीनंच व्हतं, माय."

नूतननं मान हलवली. तरी ती आणखी थोडा वेळ तिथंच उभी राहिली.